बीपी नॉर्मल, पण कुठलं?

"डॉक्टर, बीपी एकदम नॉर्मल आहे, द्या की फिटनेस!" ऑपरेशनआधीच्या तपासणीत हे वाक्य मी रोज ऐकते. दंडाला पट्टा बांधून मोजतो ते अंगातलं बीपी. फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधला दाब वेगळा, तो पट्ट्यावर दिसत नाही. तो सरासरी 20 च्या वर गेला की पल्मनरी हायपरटेन्शन. दंडावर 120/80 असतानाही तो असू शकतो.

मध्यंतरी एक मावशी पित्ताशयाच्या खड्यांसाठी आल्या. हृदयाला जन्मतः छिद्र, उशिरा कळलेलं. फुफ्फुसातला दाब वाढलेला, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी सिल्डेनाफिल दिलेलं. मुलानं मोबाइलवर नाव शोधलं, 'ही तर पुरुषांची गोळी' म्हणून लाजला आणि परस्पर बंद करून टाकली. वर नातेवाइकांनी सुचवलेल्या लसणाच्या कॅप्सूल सुरू! मावशींच्या सुजलेल्या पावलावर अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहिला. अहो, सिल्डेनाफिलची गोळी फुफ्फुसातल्या वाहिन्या सैल करते. ती अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. ऑपरेशन अर्थातच पुढे ढकललं.

हृदयाचा उजवा कप्पा पातळ भिंतीचा. फुफ्फुसातल्या वाढलेल्या दाबाशी झुंजून तो आधीच दमलेला असतो. भुलीत बीपी उतरलं, ऑक्सिजन कमी पडला, अंग गार पडलं, की तो कोलमडू शकतो. "दुर्बिणीचंच आहे" म्हणून निर्धास्त होऊ नका, त्यात पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात आणि तो रक्तात वाढला की फुफ्फुसातल्या त्याच वाहिन्या आकसतात. भुलीच्या कमरेतल्या इंजेक्शननंही बीपी झपकन उतरू शकतं. आणि टाके घातले म्हणजे सुटलो असं नाही, पुढचे काही दिवसही नाजूकच.

म्हणून ऑपरेशन करूच नये का? तसं मुळीच नाही. मोतीबिंदूसारखं काम जागा बधिर करून बहुधा सुखरूप होतं. मोठं असेल तर हृदयरोगतज्ज्ञ, अनुभवी भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग जिथे आहे तिथेच करा. गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये 'उरकून' घेऊ नका.

जिना चढताना धाप लागते, चालताना घेरी येते, पाय सुजतात, ओठ निळसर दिसतात? 'वय झालं' म्हणून झटकू नका, ऑपरेशनची तारीख घेण्याआधी टू-डी इको करा. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं, काढे-कॅप्सूलसकट, भूलतज्ज्ञांसमोर ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची ते आम्ही सांगू. फुफ्फुसाच्या दाबाची गोळी मात्र ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय चुकवू नका.