गुन्हेगार कुणाला म्हणायचं?

सातारा

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझी पहिली रहस्यकथा एका बैठकीत वाचली. वाड्यातली ती कडी लावलेली खोली मनातून जात नाही. पण चाळीस वर्षं फौजदारी वकिली केलेल्या मामाला काही शब्द खटकले. ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

पोलिसांनी ज्याला धरलं, त्याला तू लगेच 'गुन्हेगार' म्हटलंस. नुसता वहीम असतो तो संशयित, आरोप येतो तो आरोपी, आणि गुन्हेगार ठरवायचा तो न्यायालयानं. माझा एक अशील निर्दोष सुटला, पण अटकेच्या दिवशी गावानं दिलेलं 'खुनी' हे नाव मुलीच्या सोयरिकीपर्यंत त्याच्या मागं आलं. म्हणून हा शब्द जपून वापर. शिवाय संशयितापासून गुन्हेगारापर्यंतची वाट हीच तर रहस्यकथा. ती पहिल्याच पानावर संपवलीस, तर वाचकानं शोधायचं काय?

तुझे चौघे 'दरोडा' घालतात. कायद्यानं दरोड्याला किमान पाच जण लागतात. चौघांची ती जबरी चोरी. मग पाचवा कोण होता, यावरच कथा उभी कर ना!

शेवटी इन्स्पेक्टर दटावतो, आरोपी कबूल होतो आणि कथा संपते. पण पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२च्या कायद्यात हेच होतं, १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हेच आहे. माराच्या भीतीनं निरपराधही कबूल होतो, म्हणून ही तरतूद. मात्र आरोपीनं सांगितल्यावरून विहिरीतून कोयता निघाला, तर त्या शोधापुरतं त्याचं सांगणं चालतं. तेव्हा कथेचा कळस चौकीतून उचल आणि विहिरीच्या काठावर, पंचांसमोर ने. पंचनाम्यात कोयत्याच्या मुठीचं वर्णन येईल. वाचकासाठी धागा तिथं सोड.

आणि कथा आजची असेल तर खुनाला 'तीनशे दोन' लिहू नकोस. भारतीय न्याय संहितेत ते कलम १०३ झालं आहे.

बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. वेग त्यांच्याकडून घे. शब्द मात्र न्यायालयात बसून ऐक. दिवाळीआधी ये, मी तुला निकालाच्या दिवशी घेऊन जाईन. न्यायाधीश वाचू लागले की पिंजऱ्यातल्या माणसाकडं बघ. शेवटचं वाक्य उच्चारलं जाईपर्यंत तो आरोपीच असतो. तेवढा वेळ तुझ्या कथेतल्या माणसालाही दे.

तुझा,
मामा