नाव विसरलेला राजा

पातळी ४ : वाचन

वाचण्यापूर्वी
१. तुम्हाला घरी कोणत्या नावाने हाक मारतात? आणि शाळेत?
२. पत्त्यांचा कोणता खेळ तुम्हाला येतो?

पाठ

माझं नाव 'ज्ञ'ने सुरू होतं. इंग्रजीत 'ज्ञ' लिहायला तीन-चार अक्षरं लागतात आणि त्यातलं पहिलं असतं 'डी'. मी तिसरीत असताना आम्ही न्यू जर्सीत नवीन घरी राहायला गेलो. नव्या शाळेत पहिल्या दिवशी हजेरी घेताना बाई माझ्या नावापाशी अडखळल्या. मग हसून म्हणाल्या, "तुला नुसतं 'डी' म्हटलं तर चालेल?" मी मान डोलावली. त्या दिवसापासून मी 'डी' झालो.

त्याच सुमारास, म्हणजे २००१ साली, अमेरिकेत 'यू-गी-ओ!' ही जपानी ॲनिमे मालिका इंग्रजीत सुरू झाली. शनिवारी सकाळी मी टीव्हीसमोरून हलत नसे. गोष्ट अशी : युगी मुतो हा बुटका, लाजाळू मुलगा. त्याच्या आजोबांचं खेळांचं दुकान असतं. आजोबांकडून मिळालेलं एक प्राचीन इजिप्शियन कोडं युगी जोडतो आणि त्या कोड्यात अडकलेला एका राजाचा आत्मा जागा होतो. हा राजा कार्डांच्या खेळात एकदम पटाईत. पण त्याला स्वतःचं नावच आठवत नाही!

पहिल्याच भागात श्रीमंत आणि गर्विष्ठ काइबा युगीच्या आजोबांचं लाडकं कार्ड फाडून टाकतो : निळ्या डोळ्यांचा पांढरा ड्रॅगन. जगात अशी चारच कार्डं असतात. तीन काइबाकडे, आणि चौथं त्याच्याविरुद्ध कोणी वापरू नये म्हणून तो ते फाडतो. आजोबांना मात्र ते कार्ड प्रिय असतं, कारण ते त्यांना एका मित्राने दिलेलं असतं. ते दृश्य बघून मी खरोखर रडलो होतो.

मग मीही कार्डं जमवायला लागलो. खऱ्या खेळात तुमचा कॅट कमीत कमी ४० कार्डांचा लागतो. एकच कार्ड तीनपेक्षा जास्त ठेवता येत नाही. प्रत्येकाला सुरुवातीला ८,००० गुण असतात. ते शून्यावर आले की तुम्ही हरलात.

त्या उन्हाळ्यात सांगलीहून माझे आजोबा आले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आबा मेंढीकोटातले पक्के खेळाडू. माझी कार्डं सराईतपणे पिसत त्यांनी विचारलं,
"ह्यात हुकूम कुठला रे?"
"ह्यात हुकूम नसतो, आबा."
"मग मजा काय?"
मी त्यांना ट्रॅप कार्ड दाखवलं. ते पालथं ठेवायचं आणि समोरच्याने हल्ला केला की उलटायचं. आबांचे डोळे चमकले. "म्हणजे गाफील माणसाला पकडायचं! हे जमेल मला."

इंग्रजी फारसं कळत नसलं तरी आबा माझ्याबरोबर मालिकाही बघायचे. एकदा म्हणाले, "ह्या राजाचं नाव काय?"
"त्यालाच माहीत नाही."
"आणि तरी हा पत्ते खेळत बसलाय?"

एक दिवस माझ्या मित्राचा फोन आला. आबांनी उचलला. त्याने 'डी' आहे का, असं विचारलं. आबांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, "इथे डी नावाचं कोणी राहत नाही," आणि फोन ठेवून दिला! मी खूप चिडलो. आबा शांतपणे म्हणाले, "बारशाला तुझ्या आत्याने तुझ्या कानात जे नाव सांगितलं, ते 'डी' नव्हतं." मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

कॉलेजमध्ये असताना मी ती मालिका पुन्हा बघितली, ह्या वेळी मूळ जपानीत. तेव्हा कळलं, की युगीचा जिवलग मित्र 'जोई व्हीलर' खरं तर जोनोउची आहे. 'टेआ' म्हणजे अंझु आणि 'ट्रिस्टन' म्हणजे होंडा. इंग्रजी मालिका करताना त्यांची नावं बदलली होती. युगीमधला 'यू' आणि जोनोउचीमधला 'जो' जोडले, की 'यूजो' होतं. जपानीत ह्याचा उच्चार 'मैत्री' ह्या शब्दासारखा आहे. हे 'जोई व्हीलर' ह्या नावातून मला कसं कळणार होतं? मला आबांचा फोन आठवला.

मालिकेच्या शेवटी मित्रच राजाचं हरवलेलं नाव शोधून देतात : आतेम. मग युगी आणि आतेम एकमेकांविरुद्ध शेवटचा डाव खेळतात. युगी जिंकला तरच आतेमला परलोकात जाता येणार असतं. म्हणजे जिंकलं की मित्र जाणार. युगी जिंकतो आणि रडतो. आतेम जातो, पण स्वतःचं नाव घेऊन जातो. त्यासाठी त्याला २२४ भाग लागले!

नोकरीच्या पहिल्या दिवशी एका सहकाऱ्याने मला विचारलं, "तुझ्या नावाचं काही सोपं रूप आहे का?" माझी मान जवळजवळ डोललीच होती. पण मी म्हणालो, "नाही. मी शिकवतो, अवघड नाहीये." तिसऱ्या वेळी त्याला नीट जमलं.

आबा तेव्हा नव्हते. असते तर मी लगेच फोन केला असता.

माहीत आहे का?
'यू-गी-ओ' म्हणजे 'खेळांचा राजा'. काझुकी ताकाहाशी ह्यांची ही चित्रकथा जपानमध्ये १९९६ ते २००४ ह्या काळात प्रसिद्ध झाली. पुढे 'जीएक्स', 'फाइव्ह डीज' अशा अनेक मालिका आल्या. प्रत्येकीचा नायक वेगळा. २०२२ साली ओकिनावाच्या समुद्रात बुडणाऱ्या लोकांच्या मदतीला गेले असताना ताकाहाशी ह्यांचा मृत्यू झाला.

शब्दार्थ
पटाईत – एखाद्या गोष्टीत अतिशय कुशल
कॅट – पत्त्यांचा पूर्ण संच
पिसणे – पत्ते एकमेकांत मिसळणे
हुकूम – ज्या रंगाचे पत्ते बाकी सगळ्यांवर मात करतात तो रंग
पालथं – तोंड खाली केलेलं
गाफील – बेसावध
बारसं – बाळाचं नाव ठेवण्याचा समारंभ

भाषा
'मी हलत नसे' हे लेखी रूप आहे. बोलताना आपण 'मी हलायचो नाही' असं म्हणतो. पाठातली 'म्हणायचो' आणि 'बघायचे' ही रूपं लेखी भाषेत कशी होतील?

प्रश्न
१. काइबाने कार्ड का फाडलं?
२. आबांनी फोन का ठेवला? तुम्हाला ते बरोबर वाटतं का?
३. जोनोउचीचं नाव बदलल्यामुळे काय हरवलं?
४. तुमचं नाव कोणी ठेवलं, त्याचा अर्थ काय? घरी विचारा आणि पाच वाक्यं लिहा.