नव्या गाडीचा सौदा: ऑन-रोड किमतीची एकेक ओळ

नव्या एसयूव्हीच्या किमतीत दोन भाग असतात. पहिला एक्स-शोरूम किमतीचा. ती कंपनी ठरवते, आणि राज्यात एका मॉडेलसाठी ती साधारण सगळीकडे सारखी असते. दुसरा भाग त्यावर चढणाऱ्या रकमांचा: वाहन कर, नोंदणी, विमा, ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी. दोन्ही मिळून ऑन-रोड किंमत होते आणि खिशातून जाते ती हीच. हिंगोली जिल्ह्यात घासाघीस बहुतेक वेळा पहिल्या आकड्यावर होते. वडीलधारी मंडळी एक्स-शोरूमला धरून बसतात, विक्रेता बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर दहा-पंधरा हजार सोडतो, आणि त्याहून मोठी रक्कम विमा व ॲक्सेसरीजच्या ओळींतून परत वसूल होते. भाव खरा कमी होतो तो या दुसऱ्या भागात.

या जिल्ह्यातल्या ग्राहकाकडे एक जमेची बाजू आहे, ती म्हणजे बाजारपेठांची निवड. वसमतचा माणूस नांदेड-परभणी रस्त्यावरच राहतो, त्यामुळे दोन्ही शहरांतली शोरूम त्याच्या हाताशी असतात. सेनगावकडच्यांना वाशीम जवळ पडते. हिंगोली व कळमनुरीकरांना नांदेड सोयीचे, आणि वेळ काढला तर अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरही आहे. एकाच कंपनीच्या दोन वेगवेगळ्या मालकांच्या शोरूममधून एकाच मॉडेलची, एकाच व्हेरियंटची लेखी कोटेशन आणावीत. तोंडी सांगितलेल्या भावाला किंमत नसते. दुसऱ्या गावचा कागद समोर ठेवला की बोलण्याचा सूर बदलतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. मात्र एकाच मालकाची दोन गावांत शोरूम असतील, तर तुलना वरवरचीच राहते. म्हणून आधी एवढे विचारून घ्यावे. जिल्ह्याबाहेर गाडी घेताना नंबर हिंगोलीचा, म्हणजे एमएच-३८चाच हवा असेल, तर तेही बुकिंगच्या कागदावर लिहून घ्यावे.

सौद्याला बसण्यापूर्वी कर समजून घेणे आवश्यक आहे, कारण कोणती गाडी किती महाग पडेल हे पुष्कळदा कंपनीपेक्षा करच ठरवतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींवरच्या जीएसटीचे दोन मुख्य दर झाले. लांबी ४ मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० सीसीपर्यंत व डिझेलचे असल्यास १५०० सीसीपर्यंत, अशा गाडीवर १८ टक्के. त्यापुढच्या गाड्यांवर ४० टक्के. विजेवर चालणाऱ्या गाड्यांवर ५ टक्के कायम राहिले. या नियमाचा परिणाम गावात रोज दिसणाऱ्या गाड्यांवर पाहण्यासारखा आहे. बोलेरोची लांबी ३९९५ मिमी आणि डिझेल इंजिन १५०० सीसीच्या आतले, म्हणून ती १८ टक्क्यांत बसते. नेक्सॉन आणि सोनेटही त्याच गटात. ब्रेझाही दिसायला तेवढीच, लांबीही ३९९५ मिमी; पण तिचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे असल्याने तिच्यावर ४० टक्के लागतात. क्रेटा आणि स्कॉर्पिओ ४ मीटरपेक्षा लांब, म्हणून त्याही ४० टक्क्यांत. शेजाऱ्याच्या गाडीवर कर कमी लागला म्हणून आपल्यालाही तेवढाच लागेल, असे धरून बजेट आखू नये.

जीएसटी एक्स-शोरूम किमतीतच धरलेला असतो. राज्याचा एकरकमी वाहन कर मात्र वेगळा भरावा लागतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल मोटारीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के असा दर आहे. डिझेलला तो अनुक्रमे १३, १४ आणि १५ टक्के आहे. सीएनजीचे दर १ जुलै २०२५ पासून एका टक्क्याने वाढले. कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर दर बराच जास्त पडतो, तेव्हा कुटुंबाची गाडी माणसाच्या नावावरच घ्यावी.

टप्प्याच्या सीमेवरची किंमत जपून पाहावी. ९ लाख ९५ हजारांच्या डिझेल गाडीचा वाहन कर १,२९,३५० रुपये होतो. वरच्या व्हेरियंटची किंमत १० लाख ५ हजार असेल तर तोच कर १,४०,७०० होतो. किमतीतला फरक १० हजारांचा आणि करातला ११,३५० रुपयांचा. शिवाय १० लाखांच्या वर किंमत गेली की विक्रेता एक टक्का टीसीएस म्हणजे आगाऊ आयकर वसूल करतो. हा पैसा बुडत नाही. ज्याचे उत्पन्न फक्त शेतीचे आहे त्यालाही आयकर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, पण त्यासाठी पॅन कार्ड लागते आणि पॅन नसेल तर वसुलीचा दरही वाढतो. गाडी वडिलांच्या नावावर घ्यायची असेल तर त्यांचे पॅन आधी काढून ठेवावे. असंख्य शेतकरी हा एक टक्का परत मागत नाहीत, कारण तो मागता येतो हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही. १२ लाखांच्या गाडीत ते १२ हजार रुपये असतात.

आता खुद्द कोटेशन. मोंढ्यात हळद विकून आलेला शेतकरी पट्टी हातात पडताच हमाली किती, तोलाई किती, वजनात कट किती, हे बोट ठेवून वाचतो. गाडीचे कोटेशन तसेच वाचायला हवे. कागदावर वरून खाली साधारण अशा ओळी येतात: एक्स-शोरूम, टीसीएस, आरटीओ, विमा, हँडलिंग चार्जेस, फास्टॅग, एक्स्टेंडेड वॉरंटी, बेसिक किट, कोटिंग, आणि शेवटी ‘इतर’. यातल्या टीसीएसला आणि सरकारी कराला हात लावता येत नाही. पण आरटीओच्या ओळीत कर, नोंदणी शुल्क आणि कर्जाच्या बोजाची नोंद या रकमा वेगवेगळ्या लिहून मागाव्यात. हलक्या खासगी वाहनाचे नोंदणी शुल्क ६०० रुपये आणि बोजा नोंदीचे १५०० रुपये आहे. बेरीज याहून फार पुढे गेली, तर मधली रक्कम कोणाची हे विचारावे. पसंतीचा नंबर घेतला असेल तर त्याचे शुल्क अर्थातच निराळे.

हँडलिंग चार्जेस सरळ काढायला सांगावेत. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणून, धुऊन-पुसून ग्राहकाच्या हाती देणे हे विक्रेत्याचे कामच आहे, आणि त्याचा मोबदला एक्स-शोरूम किमतीत आलेला असतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरपाटी कंपनीकडूनच मिळते, तेव्हा पाटीचे वेगळे पैसे देऊ नयेत. ‘इतर’ या शब्दापुढे कोणताही आकडा राहू देऊ नये.

बेसिक किट म्हणजे पायपुसण्या, मडफ्लॅप, सीट कव्हर, गाडीचे कापड. यातल्या बऱ्याच वस्तू नांदेडच्या बाजारात कमी पैशांत मिळतात. विक्रेता रोख सूट देण्याऐवजी ‘तीस हजारांच्या ॲक्सेसरीज फुकट’ म्हणतो तेव्हा तो छापील किमतीचा हिशोब असतो. त्याला त्या बऱ्याच स्वस्त पडलेल्या असतात. म्हणून सूट रोखीत आणि बिलावर मागावी. अपवाद विजेच्या जोडण्यांचा. बाहेर वायरिंग कापून दिवे किंवा हॉर्न बसवले तर वॉरंटीचा वाद उभा राहतो, त्यामुळे तसले काम शोरूममध्येच करावे.

सगळ्यात जास्त पैसा विम्यात मुरतो. प्रस्तुत लेखकाच्या घरच्या खरेदीत विक्रेत्याने विम्याची रक्कम ठोक सांगितली आणि वर बजावले, “दादा, बाहेरून विमा घेतला तर आमच्या वर्कशॉपला कॅशलेस होणार नाही.” त्याच विमा कंपनीच्या शाखेत तीच विमा रक्कम आणि तीच जादा कवचे सांगून भाव काढला, तेव्हा हप्ता कितीतरी कमी निघाला. कॅशलेस सोय विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर अवलंबून असते. पॉलिसी कोणाच्या हातून काढली याच्याशी तिचा संबंध नसतो. शाखेचा कागद पुढे करताच शोरूमचा विमाही त्या भावाच्या जवळ आला. विमा कोठून घ्यायचा हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार ग्राहकाचा आहे, आणि विमा नियामकाच्या नियमांनुसार विक्रेत्याला त्यासाठी सक्ती करता येत नाही.

दोन विम्यांची तुलना करताना तीन गोष्टी सारख्या असाव्यात. पहिली विमा रक्कम, म्हणजे आयडीव्ही. नव्या गाडीची ती साधारण एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असते. ती कमी दाखवली की हप्ता कमी दिसतो आणि गाडी चोरीला गेली तर भरपाईही कमी मिळते. दुसरी जादा कवचे: झीरो डेप्रिसिएशन, इंजिन संरक्षण, रिटर्न टू इनव्हॉइस. यातले झीरो डेप्रिसिएशन नव्या गाडीला घ्यावेच. तिसरी मुदत. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, स्वतःच्या नुकसानीचा भाग एक वर्षाचा चालतो. जुन्या गाडीवर दावा न केल्याचा नो क्लेम बोनस साठला असेल तर तो गाडीबरोबर जात नाही, मालकाजवळ राहतो. जुन्या विमा कंपनीकडून तसे पत्र आणले की नव्या गाडीच्या स्वनुकसानीच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. हे पत्र आणायचे बहुतेक घरांत राहून जाते.

जुनी गाडी बदलून द्यायची असेल तर तो स्वतंत्र सौदा मानावा. नव्या गाडीचा भाव पक्का होईपर्यंत जुनीचा विषयच काढू नये, कारण दोन्ही आकडे एकत्र आले की एकीकडे दिलेले दुसरीकडे काढून घेणे सोपे जाते. आधी बाहेरच्या एक-दोन व्यापाऱ्यांकडून तिचा भाव काढून ठेवावा. एक्स्चेंज बोनस कंपनी देते, तो जुन्या गाडीच्या किमतीत मिसळून सांगितला जात नाही ना, हे पाहावे. गाडी सोडताना फॉर्म २९ व ३० भरून नाव बदलल्याचा पुरावा घ्यावा. नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघात भरपाईच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. विकलेल्या गाडीने अपघात केला तरी जबाबदारी जुन्या मालकावर येऊ शकते.

कर्जात फसगत होते ती फ्लॅट व्याजदराने. ८ लाखांचे कर्ज, पाच वर्षे, ‘फक्त ७ टक्के’ असे सांगितले जाते. फ्लॅट हिशोबाने व्याज २ लाख ८० हजार आणि महिन्याचा हप्ता १८ हजार होतो. मुद्दल दर महिन्याला घटत असते, व्याज मात्र पूर्ण ८ लाखांवर लागते. घटत्या शिलकीवर मोजले तर हाच दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातो. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जासाठी मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बंधनकारक केले आहे. त्यात प्रक्रिया शुल्कासह खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. हा कागद शोरूममध्ये बसलेल्या वित्त कंपनीकडून आणि आपले खाते असलेल्या बँकेकडून, दोन्हीकडून मागावा. काही संस्था पिकाच्या पैशाप्रमाणे सहामाही हप्ते देतात. सोयाबीन दिवाळीच्या आसपास आणि हळद उन्हाळ्यात विकणाऱ्या घराला ते सोयीचे असतात, पण व्याजाचा हिशोब तेवढ्याच बारकाईने पाहावा.

दसऱ्याला आणि पाडव्याला दारात गाडी यावी ही इच्छा स्वाभाविक आहे, त्यात गैर काही नाही. सणाच्या महिन्यात कंपन्यांच्या योजनाही असतात. फक्त भावाचे बोलणे मुहूर्ताच्या दोन-तीन आठवडे आधी संपवावे. आदल्या दिवशी शोरूममध्ये गर्दी असते आणि आपल्याला घाई, मग सूट कोणी देत नाही. ज्या मॉडेलला प्रतीक्षा यादी आहे त्यावर फारसे काही सुटत नाही. उलट तयार उभ्या असलेल्या, कमी मागणीच्या रंगाच्या गाडीवर बरेच सुटते. डिसेंबरमध्ये मोठ्या सवलती दिसतात, पण पुढे विकताना घेणारा पहिल्यांदा साल विचारतो. तीन-चार वर्षांत विकणाऱ्याने सूट भरघोस असल्याशिवाय डिसेंबरची गाडी घेऊ नये. दहा वर्षे वापरणाऱ्याला मात्र ती फायद्याची. शिक्षक, सरकारी कर्मचारी, कारखान्याचे कामगार यांना वेगळी सूट असते, काही कंपन्यांची ग्रामीण ग्राहकांसाठीही असते. विचारल्याशिवाय ती निघत नाही.

“हा भाव आजच्या दिवसापुरता” हे वाक्य प्रत्येक शोरूममध्ये ऐकू येते. त्यावर बयाणा देऊ नये. बयाण्याच्या पावतीवर मॉडेल, व्हेरियंट, रंग, ठरलेली ऑन-रोड रक्कम, गाडी मिळण्याची तारीख, मधल्या काळात भाव वाढल्यास फरक कोणी सोसायचा आणि बुकिंग रद्द केल्यास किती परत, एवढे लिहिलेले असावे. उरलेली रक्कम नोंदणीआधी गाडी प्रत्यक्ष पाहूनच भरावी. विक्री प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २१, त्यावर उत्पादनाचा महिना आणि साल असते. ते बघावे, चॅसिस क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळवावा. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी जवळपासच्या आठवड्यांतली असावी. दिवसाच्या उजेडात रंग पाहावा, किलोमीटर पाहावेत. एकदा नंबर पडला की गाडी बदलून मागणे जवळजवळ अशक्य होते.

ठरलेल्यापेक्षा जास्त रक्कम घेतली गेली तर आधी विक्रेत्याला व कंपनीला लेखी पत्र द्यावे, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दावा करता येतो. गाडी नांदेडला किंवा अकोल्याला घेतलेली असली तरी सेनगावच्या माणसाला त्यासाठी तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. हिंगोलीतच अर्ज देता येतो. अशा वेळी उपयोगी पडतात ती सही-शिक्क्याची कोटेशन, बयाण्याची पावती आणि बिल, म्हणून कर्ज फिटून फॉर्म ३५ ने बोजा उतरेपर्यंत तरी हे सगळे कागद एका फाइलीत ठेवावेत.