बरडॉकची भुकटी, बांधावरचा लांडगा आणि वारंवार येणारी गळवं

नाशिकरोडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. शाळकरी मुलाच्या मानेवर आणि काखेत सारखी गळवं येतात. बरडॉकच्या मुळाची भुकटी त्यांनी मोबाईलवरून मागवली आहे, 'रक्त शुद्ध करते, जंतू मारते' असं डब्यावर छापलंय. ती द्यावी का? आणि मळ्याच्या बांधावर कपड्यांना चिकटणाऱ्या काट्यांचं झाड उगवतं, ते बरडॉकच असेल तर त्याचाच काढा का करू नये?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते जिवाशी संबंधित आहे. ते झाड बरडॉक नाही. आपल्याकडे बरडॉक रानात उगवत नाही, ते काश्मीर-हिमाचलच्या थंडीत वाढतं. गोदाकाठच्या गाळात, बांधांवर, पडीक प्लॉटमध्ये दिसतो तो लांडगा, म्हणजे शंकेश्वर. दोघं एकाच कुळातले, म्हणजे शेवंती-सूर्यफुलाच्या. लांडग्याला कुणी गोखरूही म्हणतात, पण काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा गोखरू म्हणजे सराटा, आणि तो तिसराच.

गंमत अशी की लांडग्याच्या पानांतही झँथॅटिन नावाचं जंतुनाशक द्रव्य आहे आणि गळवं करणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूवर ते प्रयोगशाळेत चालतं. पण त्याच झाडाच्या बियांत आणि नुकत्या फुटलेल्या दुपानी रोपांत कार्बोक्सिअ‍ॅट्रॅक्टिलोसाइड हे विष असतं. ते पेशींचा ऊर्जेचा पुरवठाच तोडतं. यकृत निकामी होतं, रक्तातली साखर घसरते, उलट्यांमागोमाग बेशुद्धी येते. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये बांगलादेशातल्या सिल्हेट भागात पुरानंतर खायचे हाल झाले, तेव्हा लोकांनी हीच कोवळी रोपं भाजी म्हणून खाल्ली. ७६ जण आजारी पडले, १९ दगावले. पावसाळ्यात पेठ-सुरगाण्याच्या बाया बाजारात रानभाज्या आणतात, त्यांच्याकडून खुशाल घ्या, त्यांना पान न् पान ठाऊक असतं. मोबाईलवर फोटो पाहून स्वतः खुडायला मात्र जाऊ नका.

आता डब्यातल्या भुकटीकडे वळू. बरडॉक काही भोंदू झाड नाही. जपानी लोक त्याचं मूळ गोबो म्हणून भाजीत खातात, चिनी वैद्य त्याचं बी घशाच्या दुखण्यावर देतात. (वेल्क्रोची पट्टी सुचली तीही याच्या काट्यांवरून.) मुळात इन्युलिन हा तंतुमय पदार्थ भरपूर, शिवाय क्लोरोजेनिक आम्ल. बियांत आर्क्टिइन असतं, आतड्यातले जंतू त्याचं आर्क्टिजेनिन करतात आणि सूज कमी करण्याच्या त्याच्या गुणावर बरंच संशोधन झालं आहे. ब्राझीलच्या दंतवैद्यक संशोधकांनी दाताच्या मुळाशी होणाऱ्या संसर्गातल्या जंतूंवर बरडॉकच्या पानांचा अर्क तपासला, आणि तो चाललाही.

पण चालला तो काचेच्या ताटलीत, आणि पानांचा. तुमच्या डब्यात मूळ आहे. शिवाय ताटलीत अर्क थेट जंतूवर पडतो. वनस्पतींच्या कच्च्या अर्कांना जंतू रोखायला बहुधा मिलिलीटरमागे शेकडो मायक्रोग्रॅम लागतात, चांगल्या अँटिबायोटिकला एक-दोनही पुरतात. चमचाभर भुकटी पोटात जाऊन, पचून, यकृतातून गाळून काखेतल्या गळवापर्यंत तेवढी पोचेल ही आशा मला पटत नाही. उद्या याच द्रव्यांतून औषध निघेलही. आर्टेमिसियातून मलेरियाचं निघालंच, पण त्यासाठी द्रव्य वेगळं काढावं लागलं, मात्रा ठरवावी लागली, माणसांवर चाचण्या कराव्या लागल्या.

दोन धोके सांगून ठेवतो. द्राक्षबागेत, पडीक रानात काम करणाऱ्या पुष्कळांना गाजरगवताची अ‍ॅलर्जी असते. गाजरगवत बरडॉकच्याच कुळातलं, त्यामुळे अशांच्या अंगावर या भुकटीने पुरळ उठू शकतं. दुसरा धोका भेसळीचा. अमेरिकेत १९७० च्या दशकात बरडॉकचा चहा पिऊन माणसं भ्रमिष्ट झाली, कारण त्यात अ‍ॅट्रोपिन निघालं. ते बरडॉकमध्ये नसतंच, बेलाडोनासारख्या झाडात असतं.

तेव्हा ताई, ताटलीतली परीक्षा करायचीच, तर मुलाच्या पुवाची करा. डॉक्टरांना गळू फोडू द्या आणि पू कल्चरला पाठवायला सांगा. कुठला जंतू आहे, त्यावर कुठलं औषध लागू पडतं, हे साधारण दोन-तीन दिवसांत कळतं. तोवर मागच्या वेळची गोळी मेडिकलमधून आणून देऊ नका, अर्धवट डोसांनीच जंतू निर्ढावतात. रक्तातली साखर तपासा, मूल असलं तरी. घरात टॉवेल वेगळा ठेवा, गळू दाबू नका, दिवसातून तीन-चारदा कोमट पाण्याचा शेक द्या. हा जंतू नाकात ठाण मांडून बसतो आणि घरभर फिरतो, म्हणून घरात आणखी कुणाला गळवं होत असतील तर त्यांनाही दाखवा. ताप आला, लाली पसरू लागली किंवा गळू चेहऱ्यावर नाकाजवळ झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

काढ्यावरच विश्वास असेल तर पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथल्या वैद्यांना मूल दाखवून औषध घ्या. भुकटीचा डबा परत पाठवता आला तर पाठवा. नाही तर फेकून द्या, पण मुलाला देऊ नका.