संख्या आणि तिचे लेखन

नाशिकजवळच्या देवळालीत दीर्घकाळ शालेय शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्यापाशी पदव्युत्तर पदवी नव्हती. तरी ६१७४ ही संख्या आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. १२३४ घेतल्यास अनुक्रमे ३०८७, ८३५२ आणि ६१७४ येतात. पुढे ६१७४ च येत राहते. सात पायऱ्यांपेक्षा अधिक कधीच लागत नाहीत.

हा गुण संख्येचा की आपण ती दहाच्या पटीत लिहितो त्या रीतीचा? आठ हा पाया घेणाऱ्या अष्टमान पद्धतीत हीच कृती करून पाहावी. तेथे ८ आणि ९ हे अंकच नाहीत; बारा ही संख्या एक आठ व वर चार, म्हणून १४ अशी लिहिली जाते. अष्टमानातील १२३४ पासून निघाल्यास ३०६५, ६१५२, ५२४३ आणि पुन्हा ३०६५ अशी उत्तरे येतात. वाट कोठेच थांबत नाही, घाण्याच्या बैलासारखी फिरत राहते.

कापरेकरांनीच ‘हर्षद’ हे सुंदर नाव दिलेल्या संख्या पाहा. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते ती हर्षद. अठरा ही तशी आहे, कारण १ + ८ = ९. अष्टमानात अठरा म्हणजे २२. बेरीज चार, आणि चाराने अठराला भाग जात नाही. बारा तर अष्टमान वगळता प्रत्येक पायात हर्षद ठरते. कोणताही पाया घेतला तरी हर्षद राहणाऱ्या संख्या चारच: १, २, ४ आणि ६. याउलट तेरा ही कशीही लिहा, मूळ संख्याच राहते. तेरा खडे समान ओळींत मांडताना पाया विचारावा लागत नाही.

हा भेद वर्गापुरता नाही. जन्मतारखेतील अंकांची बेरीज करून स्वभाव आणि भविष्य सांगणारे, नावाची अक्षरे बदलायला लावून पैसे घेणारे आपल्या गावोगावी आहेत. चौदा तारखेचा ‘अंक’ ते पाच सांगतात. अष्टमानात चौदा म्हणजे १६, बेरीज सात. बारा हा पाया घेतल्यास १२, बेरीज तीन. मूल तेच, दिवस तोच. माणसाला आठ बोटे असती तर त्याचे भाग्य बदलले असते काय? परंपरेने आले म्हणून स्वीकारू नका, असे कालामांना सांगणाऱ्या तथागतांच्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न निर्भयपणे विचारावा.

राजूरच्या आपल्या वसतिगृहातील मुलांसाठी एक उदाहरण: पाच हा पाया घेऊन ३०३२ वर कापरेकरांची कृती करा, म्हणजे ३३२० मधून ०२३३ वजा करा. उसने घेताना मात्र दहा नव्हे, पाच घ्यावे लागतील.