सराव प्रश्नपत्रिका एकत्र काढताना

प्रश्न : आमच्या तीन महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला सी भाषा आहे. सराव प्रश्नपत्रिका एकत्र काढाव्यात का?

उत्तर : जरूर काढा, पण जुने प्रश्न नुसते गोळा करू नका. मुलं कुठे अडतात, ते आधी एकमेकांना सांगा. पूर्णांकांत ७ भागिले २ चं उत्तर ३ का? पाच घटकांच्या ॲरेचा शेवटचा क्रमांक ४ का? प्रश्न अशा अडचणींवरच हवेत. काहींत बरोबर प्रोग्रामच्या ओळी विस्कटून द्या, मुलांनी त्या लावाव्यात. न्यूझीलंडच्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडलेला हा प्रकार मला नवशिक्यांसाठी फार मोलाचा वाटतो. प्रत्येक प्रश्न दुसऱ्या महाविद्यालयातल्या शिक्षकाने आधी स्वतः सोडवावा, कंपायलरवर चालवून पाहावा. अंतिम परीक्षेचे प्रश्न मात्र वेगळे ठेवा.