इंग्लिश घड्याळातला स्विस पाहुणा

घड्याळातलं यंत्र कोण बनवतं, हे इंग्लिश वर्कशॉपला ऑर्डर देण्याआधीच मी ईमेलवर विचारलं होतं. ‘आमच्याच वर्कशॉपमध्ये’ असं लेखी उत्तर आलं. ती ईमेल अजून जपून ठेवली आहे. मागचं झाकण काचेचं का नाही, तर म्हणे जुनी इंग्लिश परंपरा.

सर्व्हिसिंगच्या वेळी दुसऱ्या घड्याळजीने ते परंपरेचं झाकण उघडलं. बॅलन्स व्हीलखाली बराच वेळ पाहिलं आणि काही न बोलता भिंग पुढे केलं. ईटीएचा शिक्का आणि ६४९८ हा आकडा! स्वित्झर्लंडच्या कारखान्यातून घाऊक निघणारं चावीचं यंत्र. दणकट आहे, वाद नाही. इंग्लंडने त्याला निळे स्क्रू आणि थोडी नक्षी तेवढी दिली होती.

वर्कशॉपचे मालक जराही ओशाळले नाहीत. केस आणि तबकडी इथलीच आहे, या धंद्यात सगळे असंच करतात, आणि इतक्या चौकशा करणारं गिऱ्हाईक त्यांना कधी भेटलं नव्हतं. पुढच्या ईमेलला उत्तरच नाही.

सगळे असं करत नाहीत. आयल ऑफ मॅनवर घड्याळजी जॉर्ज डॅनियल्स केसपासून काट्यांपर्यंत जवळपास सगळं स्वतः घडवत. त्यांचं को-अ‍ॅक्सियल एस्केपमेंट १९९९ मध्ये ओमेगाने बाजारात आणलं. त्यांचे शिष्य रॉजर स्मिथ तिथेच वर्षाकाठी मोजकीच घड्याळं बनवतात. फिअर्स आणि ख्रिस्टोफर वॉर्ड या ब्रिटिश कंपन्या स्विस यंत्रं वापरतात, पण तसं उघड सांगतात. २०१४ मध्ये ब्रेमाँट या ब्रिटिश कंपनीने ‘राइट फ्लायर’ घड्याळाचं यंत्र स्वतःचं म्हणून मांडलं, जाणकारांनी त्यात ला जू-पेरे या स्विस कंपनीचा हात ओळखला आणि ब्रेमाँटला खुलासा करावा लागला.

‘स्विस मेड’ला कायदा आहे: यंत्र स्विस हवं, आणि २०१७ पासून घड्याळाचा किमान ६० टक्के उत्पादनखर्च तिथला हवा. ब्रिटिश घड्याळांना अशी टक्केवारी नाही. म्हणून मेनप्लेट, ब्रिज, बॅलन्स, हेअरस्प्रिंग कुठून येतात ते एकेक करून विचारा आणि बिलावर लिहून घ्या. हॉलमार्कवर भुलू नका; बर्मिंगहॅमचा जहाजी नांगर केसचं सोनं तपासल्याची खूण आहे, यंत्राबद्दल तो काहीच सांगत नाही. घाई करू नका, चार ठिकाणी चौकशी करा.

डिपॉझिट क्रेडिट कार्डानेच भरा. १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तूसाठी ब्रिटनच्या १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या ७५व्या कलमानुसार कार्ड कंपनीही जबाबदार ठरते. बँक ट्रान्सफरला ते कवच नाही. आमचे वर्कशॉपवाले महाशय ट्रान्सफरसाठीच का अडून बसले होते, ते आता कळतं.

ब्रिटनमध्ये ऑनलाइन ऑर्डर साधारणपणे १४ दिवसांत रद्द करता येते, पण खास तुमच्यासाठी बनवलेल्या वस्तूला ती सवलत नाही. त्यामुळे तबकडीवर नाव घालायचंच असेल तर सगळी खात्री पटल्यावर, अगदी शेवटी घाला. माझं नाव फुकट घालून देण्याचा आग्रह त्यांचाच होता.